रोजच्या बातमीत एक खोटं

बाई रोज एक खोटं बोलायच्या, आणि तेही फळ्यावर लिहून, ठळक वळणदार अक्षरात.

शाळा सुटायला पंधरा-वीस मिनिटं राहिली की त्या फळा पुसायच्या, कानावरचा खडू काढायच्या (सुतार पेन्सिल अडकवतो तसा त्यांच्या कानावर कायम खडू असे, त्यामुळे उजव्या बाजूचे केस डावीपेक्षा पांढरे दिसत) आणि लिहायच्या, ‘आजची बातमी’. खाली पाच वाक्यं. चार खरी, एक खोटं. तिसरी-चौथीच्या पोरांनी ती उतरवून घ्यायची, घरी मोठ्यानं वाचून दाखवायची आणि घरच्यांनी ऐकून सांगायचं की यातलं खोटं कोणतं. आमच्या घरात आलेली पहिली बातमी मला अजून पाठ आहे. ‘दुसरीतल्या गणेशचा पुढचा दात पडला. आज खिचडीत वाटाणे होते. चौथीतल्या एकाच्या दप्तरात खेकडा निघाला. बाईंनी खेकड्याचं नाव हजेरीत घातलं. उद्या नखं कापून यावे.’ आम्ही खेकड्याच्या हजेरीवर बोट ठेवलं. खोटं वाटाण्यांचं निघालं.

बातमी उतरवायला वही नसे. वहीचं पान फाडलेलं बाईंना खपत नसे. त्यांच्याकडे लग्नपत्रिका असत. रिहे गावाच्या खोऱ्यातल्या झाडून सगळ्या घरांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की लग्न झालं की पत्रिका शाळेत आणून टाकायच्या. पत्रिकेची मागची कोरी बाजू कापून तिचे दोन तुकडे व्हायचे. त्यामुळे बातमीच्या पाठीवर कधी गणपती, कधी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ असलं काहीतरी असायचं. खाली दोन रेघा मारलेल्या. एकीवर ऐकणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दुसरीवर खोट्या वाक्याचा नंबर.

मी मूळचा परभणीकडचा. पिरंगुटच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून लागलो होतो. पिरंगुटात खोली परवडेना म्हणून आत रिह्याला एका शेतकऱ्याच्या घराला लागून असलेली दोन खणांची जागा घेतली. दोन हजार सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. शेजारच्या खाचरांत भात डुलत होतं आणि पलीकडच्या खाचरांना पुण्याच्या लोकांचं तारेचं कुंपण पडत होतं. घरमालकीण काकूंनी स्वतःच आम्हाला सांगितलं, ‘ऱ्हावा हितं. खोल्या बांदल्यात तर मानसं नकोत व्हय?’

आमची सारिका, म्हणजे सारू, त्या जूनमध्ये तिसरीत गेली. गावाकडच्या शाळेत तिला दुसरी पास करून टाकलं होतं, पण वाचायच्या नावानं पूज्य. एकेक अक्षर सुटं सुटं उचलायची आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरून जायची. त्यात इथल्या पोरांनी तिची बोली धरली. ती ‘का’ऐवजी ‘कामून’ म्हणाली की वर्ग हसायचा. पंधरा दिवसांत पोरीनं शाळेत तोंड उघडायचं सोडलं. महिन्याभरात घरातही.

मी शिस्तीचा माणूस. म्हणजे तसा माझा समज होता. मी बायकोला सांगून टाकलं, की हे वर्ष बघू, मेपर्यंत पोरगी धड वाचायला लागली नाही तर तिला दादाकडे ठेवायची. माझे थोरले बंधू परभणीत. त्यांच्या घराजवळ चांगली नावाजलेली शाळा होती.  बायकोनं चुलीवरची भाकरी तेवढी जरा जोरात उलटली. सारू दाराआड होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. आठ वर्षांच्या पोरीनं ‘मे’ ही गोष्ट मनात ठेवून एक अख्खं वर्ष काढलं. आज ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

बाईंचं वय पन्नाशीच्या आसपास. काडीसारख्या. बारा महिने तेरा काळ हातात पुरुषी काळी छत्री. राहायला पौडला, येणार सकाळच्या एस.टी.नं. पोरांना त्या अहोजाहो करायच्या. ‘अहो गणेशराव, शेंबूड पुसा.’ आणि पालकांपैकी निम्मे त्यांच्याच हाताखालून गेलेले, त्यांना सरळ अरे-तुरे. मिशीवाला गडी मोटारसायकलवरून उतरून ‘बाई, येऊ का?’ म्हणून दारात उभा राहायचा आणि बाई म्हणायच्या, ‘ये. पाय पूस.’

त्यांच्या शाळेत वाचनाची पद्धत ठरलेली होती. एकच बातमी घरी तीनदा वाचायची. पहिल्यांदा आपली आपल्याला. दुसऱ्यांदा ज्याला वाचता येत नाही त्याला. तिसऱ्यांदा ज्याला येतं त्याला. हा क्रम मोडलेला त्यांना चालत नसे. मी एकदा विचारलं, ‘आधी आम्हालाच वाचून दाखवलं तर काय बिघडलं? आम्ही चुका तरी सांगू.’

‘त्येच बिघडतंय,’ बाई म्हणाल्या. ‘वाचता येनारा मानूस ऐकत न्हाई, नुसता टपून बसतो. ज्येला येत न्हाई त्येला बातमी पायजे असती. तो ऐकतो.’

आणि टपून बसणाऱ्यांवर त्यांचा एक उपाय होता. पहिल्या पालकसभेला आम्ही पंधरा-सोळा जण सतरंजीवर बसलो होतो. बाईंनी प्रत्येकाच्या हातात पाण्याचा पेला दिला. मला वाटलं, व्वा, पाहुणचार आहे. बाई म्हणाल्या, ‘येक घोट घ्या. गिळायचा न्हाई. प्वार वाचतंय तवर तोंडात धरायचा. अडलं तर मनात आठ मोजायचे. आठात न्हाईच आलं तर मग पानी गिळा आनि सांगा.’

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पण बाईंच्या पुढं कुणाची टाप नव्हती. सोळा मोठी माणसं गाल फुगवून बसली आणि चौथीतली एक पोरगी बातमी वाचायला लागली. ‘आज पालकसभा होती. सगळे पालक वेळेवर आले.’ नेमके त्याच क्षणी भाताच्या गिरणीचे मालक, तासभर उशिरा येऊन नुकताच घोट घेतलेले, फिस्सकन हसले. त्यांच्या तोंडातला सगळा घोट बाईंच्या पातळावर. बाईंनी पदर झटकला आणि गंभीरपणे म्हणाल्या, ‘बगा, येकाला खोटं घावलं.’

मी हसलो, घरी आलो आणि विसरलो. मला पाळ्यांची नोकरी. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात पोरगी शाळेतून यायच्या आत मी गेलेला असायचो. सकाळी दात घासत असताना सारू लग्नपत्रिकेचा तुकडा आणि पेन घेऊन समोर उभी राहायची. मी तोंडात ब्रश तसाच ठेवून सही ठोकायचो. खोट्याचा नंबर म्हणून कधी दोन, कधी चार. जे सुचेल ते. एकदा तर सरळ लिहून टाकलं, ‘ऐकले. सर्व बरोबर.’

त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. मी अर्धी दाढी केलेली. अंगणात हलगी वाजायला लागली. बघतो तर शाळेची सहा-सात पोरं, एकाच्या गळ्यात हलगी, बाकीच्यांच्या हातात लेझीम आणि मागं छत्री टेकवत बाई.

‘चला,’ बाई म्हणाल्या.

‘कुठं?’

त्यांनी पिशवीतून सारूच्या बातमीचं कार्ड काढलं. त्यावर चार वाक्यं सारूच्या किरट्या अक्षरात आणि पाचवं बाईंच्या वळणदार अक्षरात : ‘सारिकाचे बाबा शनिवारी शाळेसमोर मुलांबरोबर लेझीम खेळणार आहेत.’ खाली माझी सही. ऐकले. सर्व बरोबर.

मी तापलो. म्हटलं, हा काय चावटपणा आहे? मी नोकरदार माणूस आहे. बाईंचा आवाज जरासुद्धा चढला नाही. ‘कारखान्यात तुमी काय काम करता?’

‘माल तपासतो.’

‘न तपासता सही करता का?’

एवढ्यात ओसरीवरून काकू म्हणाल्या, ‘जावा की. सही केलीया न्हवं?’ आणि बायको, जी एरवी माझ्या बाजूनं चार माणसांत भांडते, ती तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

मी गेलो. अर्ध्या दाढीनं गेलो. शाळेसमोरच्या मैदानात पाऊण तास लेझीम खेळलो. माझा पाय कुठं, हात कुठं आणि हलगी भलतीकडंच. सगळं गाव बांधावर. पोरं लोळून लोळून हसत होती, आणि त्यात सारू हसत होती. तोंड उघडून, खालचे दात दिसेपर्यंत. जूननंतर मी तिला हसताना पहिल्यांदा पाहत होतो, आणि हसत होती ती माझ्यावर.

घरी येताना मी तिला विचारलं, ‘ते वाक्य तुला वाचता आलं नव्हतं का?’

‘आलं होतं,’ ती म्हणाली.

‘मग सांगितलं कामून नाही?’

‘तुम्ही कुठं ऐकता?’

 मायक्रोमीटरनं केसाएवढी चूक पकडणारा माणूस मी, आणि माझ्या पोरीला एक अख्खं वाक्य वाचता आलं हे मला हलगी वाजल्यावर कळलं. बाईंना मनातल्या मनात शंभर शिव्या घातल्या, आणि सोमवारपासून तोंडात पाणी धरायला लागलो.

आता बाईंच्या खोट्याबद्दल सांगायला हवं. सगळीच खोटी काही निभावली नाहीत. मी तिथं जाण्याआधीची गोष्ट, गाव अजून चवीनं सांगतं. त्यांनी एकदा लिहिलं, ‘उद्यापासून सकाळची एस.टी. बंद.’ बाईंना वाटलं होतं की असली थाप कोण खरी मानील? पण एस.टी. बंद होणार ही गोष्ट आपल्याकडं जितकी पटकन खरी वाटते तितकी दुसरी कुठलीच वाटत नाही. पहाटेच दूधवाले कॅन घेऊन चालत फाट्यावर गेले. भाजीवाल्या बाया गेल्या. कोर्टाची तारीख असलेला एक म्हातारा आदल्या रात्रीच पौडला पाहुण्यांकडं जाऊन झोपला. एस.टी. वेळेवर आली, बाईंना उतरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा रिकामी परत गेली.

दुसऱ्या दिवशीच्या बातमीत पहिलंच वाक्य होतं, ‘काल बाईंचं चुकलं.’ अर्ध्या गावानं तेच खोटं म्हणून खूण केली.

तेव्हापासून बाईंनी नियम केला की एस.टी., रेशन आणि लाईट या तीन गोष्टींत खोटं लिहायचं नाही. ‘त्या खात्यात आपली गरज न्हाई,’ असं त्या म्हणायच्या.

आमच्या घरातली ‘वाचता न येणारी’ म्हणजे काकू. संध्याकाळी त्या ओट्यावर सूप घेऊन तांदूळ पाखडत बसायच्या आणि सारू त्यांच्यापुढं उकिडवी बसून वाचायची. काकूंना भोळं समजू नये. अख्ख्या खोऱ्यातल्या घराघराची खबर त्यांच्याकडं असायची, आणि शाळेची बातमी म्हणजे त्यांना आयता माल. एका वाक्यात त्या चारदा थांबवायच्या.

‘थांब, थांब. कुनाचा दात पडला म्हन्लीस?’

सारू परत वाचायची.

‘गनेशचा? कंचा गनेश? वरल्या आळीचा का?’

सारू परत वाचायची. तिसऱ्या वेळेला ते वाक्य घसरगुंडीवरून यावं तसं सरळ यायचं आणि काकू सूप आपटायच्या. ‘खोटं! त्येचा दात पडून पंद्रा दिस झालं. म्या सोता बगितलाय.’ मग तव्याच्या काजळीत अंगठा बुडवून त्या कार्डावर असा उठवायच्या की बातमी राहायची बाजूला आणि अंगठाच दिसायचा. काकू कधी हसल्या नाहीत सारूच्या बोलण्याला. एकदा मात्र त्यांनी विचारलं, ‘कामून म्हंजी काय गं?’ सारूनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकू आपल्या नवऱ्याला दटावून विचारत होत्या, ‘उशीर कामून झाला वं?’

असं सगळं बरं चाललं होतं. मग थंडीत शाळेची तपासणी झाली. एक साहेब आले. हे मला दुसऱ्या गुरुजींनी, म्हणजे पहिली-दुसरी सांभाळणाऱ्यांनी सांगितलं. साहेबांनी पुस्तक मधूनच कुठंतरी उघडलं आणि नेमकं सारूला उभं केलं. नवा माणूस, नवा धडा. पोरगी दोन शब्द वाचून थांबली. साहेब म्हणाले, ‘हं, पुढं? पुढं काय? न-दी-का-ठी. नदीकाठी. पुढं?’ तसे साहेब प्रेमळच असावेत. पण प्रत्येक शब्द तेच उचलून तिच्या तोंडात घालत होते आणि ती आणखी आणखी मिटत चालली होती. बाई उठल्या, पेला भरला आणि साहेबांपुढं धरला. ‘साहेब, पाणी घ्या. तोंडात धरा.’

साहेबांनी ते सरळ पिऊन टाकलं. वर ‘आभारी आहे’ म्हणाले. शेऱ्यात लिहिलं, तिसरीचं वाचन कच्चं.

सारूनं घरी येऊन दप्तर टाकलं ते दोन दिवस उघडलंच नाही. काकूंनी हाक मारली तरी ओट्यावर गेली नाही. माझा धीर सुटला. मी दादांना पत्र टाकलं की पोरीला वाचता येत नाही, इथं काही जमायचं नाही, मेमध्ये निकाल लागायच्या सुमारास येऊन घेऊन जा. बायकोनं ते पत्र पाकिटात घालताना पाहिलं. त्या दिवशी तिनं माझ्या डब्यात भाकरी दिली, कालवण दिलं नाही.

बाईंना हे कुणी सांगितलं देव जाणे. काकूंनीच सांगितलं असणार. रविवारी त्या छत्रीसकट हजर. आत आल्या नाहीत, पायरीवर बसल्या. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. पण त्यांनी भलतंच विचारलं.

‘तुमच्या कारखान्यात मशिनीतनं माल निघतो, तो गरम असतो का?’

‘असतो की.’

‘मग माप कवा घेता? गरम असताना?’

‘छे. गरम माल फुगलेला असतो. माप चुकतं. निवू द्यावा लागतो.’

‘मग?’ बाई म्हणाल्या. ‘माझी पोरगी आजून गरम हाय. तुमी लगीच माप घेऊन रिजेक्ट करून मोकळं झाला.’

‘माझी पोरगी’ म्हणाल्या त्या. मी तिचा बाप समोर उभा असताना.

मी अडेलतट्टू माणूस. मी म्हटलं, ‘बाई, मी मे म्हटलंय. मेपर्यंत थांबतो. पत्र मागं घेणार नाही.’

‘मे तर मे,’ बाई उठल्या. जाताना दारात उभ्या असलेल्या सारूला म्हणाल्या, ‘अहो सारिकाबाई, उद्या खोटं तुमी लिवायचं. मला काय सुचंना झालंय.’

ही बाईंची शेवटची मात्रा असावी. सोमवारी फळ्यावर चार वाक्यं बाईंनी लिहिली आणि पाचवं सारूनं सांगितलं. ते होतं, ‘साहेबांनी पाणी तोंडात धरलं.’ घराघरांत हसू पसरलं. ज्या पोरांनी तिला चिडवलं होतं ती आता मधल्या सुट्टीत तिच्या मागं लागली, उद्याचं खोटं काय, सांग की, सांग की. आणि गंमत अशी की खोटं लपेल असं लिहायचं म्हणजे खरं नीट बघावं लागतं, आदल्या बातम्या परत परत वाचाव्या लागतात. बिछान्याखाली तिनं पत्रिकांचा गठ्ठा जमवला होता. बायको सांगायची, ‘लेकरू एकटंच वाचत बसतंय, आपल्या आपल्याशी.’

होळीच्या आसपास मी पहिल्या पाळीहून आलो, हातपाय धुतले, घोट घेतला आणि बसलो. सारू वाचत होती. मध्ये ‘ग्रामपंचायतीच्या’ आलं. ती अडली. मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. तिचे ओठ हलत होते. चार, पाच. माझी मान आपोआप पुढं झुकली होती. सहाला तो शब्द तिच्या तोंडातून अख्खा बाहेर पडला आणि ती न थांबता पुढं गेली. मी पाणी गिळलं. डोळ्यांत आलेलं तिनं पाहू नये म्हणून चूळ भरायचं निमित्त करून बाहेर गेलो.

तरी पत्र मागं घेतलं नाही. सगळी ओळखीचीच वाक्यं, गावातलीच नावं. परकं पुस्तक आलं की परत तेच, असं माझं तपासनीस डोकं म्हणत होतं.  एप्रिल लागल्यापासून सारू कॅलेंडरकडं बघायची नाही. बायको तिच्या फ्रॉकांना टीप मारत बसायची.

निकालाच्या आदल्या दिवशी दुपारी दादा आले. पिशवीत तिच्यासाठी नवं दप्तरसुद्धा आणलं होतं. चांगलं चेन असलेलं, निळं. सारूनं ते घेतलं, पाया पडली आणि भिंतीला लावून ठेवून दिलं. संध्याकाळी काकू नेहमीसारख्या सूप घेऊन ओट्यावर बसल्या. दादा खाटेवर, मी उंबऱ्यात, बायको दारात. सारूनं कार्ड काढलं. त्या दिवशीची बातमी सगळीच्या सगळी बाईंच्या अक्षरातली होती. प्रत्येक पोराला त्यांनी स्वतः एकेक लिहून दिली होती, हे मागून कळलं.

सारू वाचायला लागली. परभणीचा हेल होता, मधूनच इथला ‘हाय-न्हाई’चा झटकाही होता, पण अडणं नव्हतं.

‘उद्या सकाळी आठ वाजता निकाल आहे. पाण्याच्या पिंपाचं हरवलेलं झाकण सापडलं. बाईंची बदली...’

ती थांबली.

मी सवयीनं मोजायला लागलो. तीनपर्यंत पोचलो आणि माझ्या लक्षात आलं की तिची नजर त्या शब्दावर नाहीच. ती खालच्या ओळींवरून कधीच शेवटापर्यंत जाऊन आली होती. तिनं नाक ओढलं आणि परत सुरुवात केली.

‘बाईंची बदली भोरकडं झाली आहे. जूनपासून नवे गुरुजी येतील. बाईंना याचं अजिबात वाईट वाटत नाही.’

काकूंनी सूप खाली आपटलं. ‘खोटं! बदली खोटी! आशी कशी बदली हुईल? तीन नंबर लिव.’ आणि तव्याकडं हात नेला.

‘न्हाई काकू,’ सारू म्हणाली. ‘बदली खरी हाय.’

‘मग खोटं कंचं?’

सारूनं कार्ड काकूंपुढं धरलं. काकूंना अक्षर कळत नव्हतं, तरी तिनं शेवटच्या ओळीखालून बोट फिरवलं. ‘ह्ये. वाईट वाटत न्हाई म्हनत्यात ना, ह्ये.’

 काकूंनी पदरानं डोळे टिपले आणि दाराकडं तोंड फिरवलं. सूप तसंच पडून राहिलं आणि कोंबड्या तांदळात शिरल्या तरी कुणी हाकललं नाही.

 दादा माझ्याकडं वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

‘आणि तू मला काय लिहिलं होतंस?’ ते म्हणाले. ‘हिला वाचता येत नाही?’

सकाळच्या एस.टी.नं दादा परत गेले. एकटेच गेले, दप्तर मात्र ठेवून गेले. त्यांना गाडीत बसवायला आम्ही थांब्यावर गेलो तेव्हा तीच गाडी बाईंना घेऊन आली होती. बाई छत्री टेकवत उतरल्या. सारू माझा हात सोडून धावत गेली आणि कार्ड त्यांच्यापुढं धरून जोरात म्हणाली, ‘बाई, पाच नंबर!’

बाईंनी कार्ड घेतलं. बघितलं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला अगं म्हणाल्या.

‘बरोबर हाय गं,’ बाई म्हणाल्या.